तीनदांचं मीटर

आमच्या पंपघरात त्यांना सगळे ‘तीनदा’ म्हणायचे. मी मामा म्हणायचो, कारण ते माझे सासरे. वायरमनचं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

कुठल्याही पॅनेलची वीज बंद केली, की बाकीचे वायरमन मीटरची टोकं एकदा लावणार, शून्य दिसलं की कामाला भिडणार. मामांचं तसं नाही. आधी चालू सॉकेटला मीटर लावून बघायचे, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू सॉकेटला. “अरे, शून्य दोन कारणांनी येतं,” म्हणायचे. “वीज नसली तर येतं, आणि मीटरला ती दिसत नसली तरी येतं. यातलं कुठलं, ते कळायला नको?” तेवीस वर्षं हेच. लोक टर उडवायचे, “तीनदा, चहात साखर आहे का तेही मोजून सांगा की!” ते स्वतःच आधी हसायचे.

रिटायर झाल्यावर नव्या वायरमनांचा वर्ग त्यांनी घ्यावा, असं साहेबांनी ठरवलं होतं. त्यासाठी मामांनी दोनशे पानी वही भरून काढली. व्होल्टेज कसं मोजायचं, करंटसाठी तारेभोवती चिमटा कसा धरायचा, वॅटमीटर कसं जोडायचं, सगळ्या आकृत्या पट्टीनं काढलेल्या. सासूबाई म्हणायच्या, “उभ्या जन्मात मला चार ओळींचं पत्र लिहिलं नाही या माणसानं!”

त्या दिवशी दोन नंबरचा पंप बंद पडला. पॅनेलच्या खोलीत आम्ही दोघंच. बाहेरून साहेब ओरडत होते, “किती वेळ रे?” मी मेन स्विच खाली ओढला, तिन्ही तारांना मीटर लावलं. शून्य. मामा सवयीनं मीटर घेऊन सॉकेटकडे निघाले आणि माझं डोकं फिरलं.

“मामा, पुरे हो! लेक देताना भरवसा ठेवलात, आता एवढ्याशा गोष्टीत नाही?”

त्यांचा चेहरा एवढासा झाला. “तसं नाही रे बाबा,” म्हणाले. मीटर खाली ठेवलं आणि पॅनेलमध्ये हात घातला.

फाडकन आवाज झाला आणि मामा मागच्या भिंतीवर आदळले. स्विचचा दांडा खाली आला होता, पण आतलं एक पातं सुटलंच नव्हतं, म्हणून एक तार चालूच राहिली होती. आणि मीटर? सकाळी त्याच मीटरनं मी बॅटरी तपासली होती. नॉब बॅटरीच्या खुणेवर, डीसीवर, तसाच राहिला होता. डीसीवर ठेवून लाइन मोजली, तर चालू तारेवरही शून्यच दिसतं. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मी गाढव, दुसरं काय!

पण गाढवपणा परवडला. पुढचं सांगताना जीभ जड होते. मामा जमिनीवर तडफडत होते आणि मी आधी मीटर उचलून नॉब लाइनच्या खुणेवर, एसीवर फिरवला. मग ओरडलो, “अहो, धावा कुणीतरी!”

चौकशीत मीटर बिनचूक निघालं. मी सांगितलं, “दोन तारा मी मोजल्या. तिसरी मोजायला मीटर मामांकडे दिलं होतं.” मामा हॉस्पिटलात होते, उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्यांना विचारलं तर म्हणाले, “चूक झाली, साहेब.” झालं! तेवीस वर्षांचे तीनदा त्या दिवशी निष्काळजी ठरले. वर्ग त्यांच्याकडून काढला आणि दिला कुणाला? मला. सासूबाई वही घेऊन आल्या. “ते म्हणाले, तुम्हाला लागेल.” मी ती दोन्ही हातांनी घेतली. निर्लज्जपणाला काही सीमा?

चार महिने गेले. वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मामांकडे स्वयंपाकघरातला स्विच बदलायला गेलो. तिथला फ्यूज काढला. बाहेरच्या खोलीतल्या सॉकेटला, मग स्विचला, मग परत सॉकेटला, असं तीनदा मोजलं. “बंद आहे,” म्हणालो. माझी बायको स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे आली.

“थांब गं जरा,” मामा म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी मीटर माझ्याकडून घेतलं. आकड्याकडे बघितलंच नाही. नॉब कुठे आहे, ते बघितलं.

बायको बाहेरच्या खोलीत गेल्यावर विचारलं, “मामा, तुम्हाला माहीत होतं?”

“पडल्या पडल्या दिसलं ना, तू फिरवताना.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील, म्हणून थांबलो होतो.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी साहेबांना वर्गात येऊन बसायची विनंती केली. नव्यांसमोर मीटर उचललं, नॉब डीसीवर फिरवला आणि टोकं चालू सॉकेटला लावली. पडद्यावर शून्य. सगळे चमकले.

“हेच शून्य बघून मी मामांना हात घालायला लावलं,” मी म्हणालो. “मग नॉब फिरवला आणि चौकशीत खोटं बोललो. वर्ग त्यांचा आहे. आले तर त्यांच्याकडून शिका.”

वही टेबलावर ठेवली आणि साहेबांकडे बघायची हिंमत होईना, म्हणून खाली बघत उभा राहिलो.