उघड्या डोळ्यांची झोप

"मॅडम, औषध बदला, नाहीतर मासे बदला. पण काहीतरी करा." जाधव साहेब टाकीसमोर उभे राहून मला सांगत होते.

वाळूजमधल्या एका कंपनीचं ते रिसेप्शन. जाधव तिथले अ‍ॅडमिन मॅनेजर. भिंतभर लांबीची टाकी ही मालकांची हौस आणि तिची देखभाल हे माझं काम. मी मत्स्यशास्त्र शिकले आहे. शहरातल्या कंपन्या, दवाखाने, हॉटेलं यांच्याकडच्या शोभेच्या माशांची तब्येत बघते. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत मला माशांची डॉक्टरीण म्हणतात. आता मीही ते मान्य करून टाकलंय.

टाकीत क्लाऊन लोच जातीचे मासे होते. केशरी अंग, त्यावर रुंद काळे पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. त्यांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सारखा होत होता. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. पाण्यातला एक सूक्ष्म परजीवी हा रोग करतो आणि थकलेल्या, घाबरलेल्या माशाला तो पटकन धरतो. औषध दिलं की मासे बरे व्हायचे. थोडे दिवस गेले की पुन्हा ठिपके. पाणी तपासलं, ठीक होतं. फिल्टर नीट चालू होता.

"आज मी इथंच बसते," मी म्हणाले.

"बसून काय करणार?"

"बघणार."

जाधव केबिनमध्ये गेले. मी सोफ्यावर बसले. काचेवर शेवाळ फार धरलं होतं. इतकं शेवाळ म्हणजे उजेड जास्त. टाकीमागं वाकून पाहिलं, तर लाइट ठरल्या वेळी बंद करणारा मी लावलेला टायमर कुणीतरी काढून बाजूला ठेवलेला.

रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "लाइट बंदच करत नाहीत, मॅडम. तिन्ही शिफ्ट चालतात ना. मोठ्या साहेबांना टाकी कायम झगमगती लागते."

म्हणजे या माशांना अंधारच नव्हता. अर्धं कोडं सुटलं.

तेवढ्यात दुपारच्या शिफ्टची बस आली आणि गार्ड बदलला. नवा गार्ड पन्नाशीचा, सोपान नावाचा. तो आधी टाकीपाशी गेला. एक लोच तळाच्या खड्यांवर कुशीवर पडला होता. सोपाननं खिशातून किल्ली काढली आणि काचेवर टकटक वाजवली. मासा दचकून उसळला, आतल्या लाकडाला घासला आणि कोपऱ्यात दडला. सोपाननं हुश्श केलं.

"कशाला वाजवलं?" मी विचारलं.

"जित्ता हाय का बघितलं, मॅडम."

"नेहमी बघता?"

"आडवा पडला की बघायचं. समदेच गार्ड बघत्यात."

"अहो, तो झोपला होता."

सोपान हसला. "डोळे तर सताड उघडे व्हते. लासूर स्टेशनकडं आमच्या घरी मेंढरं हायेत. निजलेलं जनावर मला कळत नाय व्हय?"

मी त्याला टाकीजवळ बोलावलं. सांगितलं, की माशाला पापणीच नसते, मग डोळे मिटणार कसे? तो झोपला की जागच्या जागी थांबतो, रंग जरा फिका पडतो, कल्ले हळू हलतात. कल्ले म्हणजे त्याची श्वास घ्यायची जागा. माणसासारखी ही झोप नसेलही, अभ्यासकांचा त्यावर खल चालूच असतो. पण विश्रांती मात्र माशालाही लागते. आणि हा लोच तर कुशीवर पडून झोपतो. नवख्याला तो मेलाच वाटतो.

कोपऱ्यात दुसरा एक मासा तसाच पडला होता. सोपान हात मागं बांधून त्याच्या कल्ल्यांकडं बराच वेळ बघत राहिला.

"म्हंजी आम्ही ह्यांना निजूच दिलं नाय," तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. "मॅडम, साहेबांना माझं नाव सांगू नका. माझ्या आधीच्या गार्डाच्या ड्युटीत मोठा मासा मेला. बाहेरचे पाव्हणे आलेले, त्यांच्यासमोरच वर तरंगला. त्या गार्डाला कामावरून काढून टाकलं. तवापासून हुकूम हाय, मासा मेला तर ज्याची ड्युटी त्याची जबाबदारी."

आता पेच माझा होता. नुसता लाइटचा दोष सांगितला, तर टकटक चालूच राहणार. वाजवू नका असं सोपानला सांगितलं, तर भीती कुठं जाणार? आणि गार्ड वाजवतात म्हटलं, तर आणखी एकाची नोकरी जाणार.

मी केबिनमध्ये गेले.

"मासे झोपेविना आजारी पडतायत," मी म्हणाले. "लाइट बंद होत नाही आणि काचेवर सारखी टकटक होते."

"टकटक कोण करतं?" जाधवांनी बेलकडं हात नेला.

"तुमचा हुकूम करतो, साहेब."

हात तिथंच थांबला. "म्हणजे?"

"मासा मेला तर नोकरी जाणार असेल, तर माणूस तो जिवंत आहे का, हे बघणारच. मीही वाजवलं असतं. तुम्हीही."

जाधवांनी हात मागं घेतला. आता हे काम आपल्या हातून जातंय, असं मला वाटलं. पेपरवेट इकडून तिकडं सरकवत ते शेवटी म्हणाले, "त्या वेळी वरून मला फार बोलणी बसली होती. मग मी खाली बोललो." थोडं थांबून म्हणाले, "मोठ्या साहेबांना काय सांगू?"

"मासे झोपतात म्हणून सांगा."

ते पहिल्यांदा हसले. मग बाहेर येऊन त्यांनी सगळ्या गार्डांना ऐकू जाईल असं सांगितलं, की यापुढं काच कुणी वाजवायची नाही आणि मासा मेला तर दोष कुणाचाच नाही, फक्त मॅडमना फोन करायचा. काढलेल्या गार्डाबद्दल मी विचारलं. "बघतो," म्हणाले. पुढं त्यांनी काही बघितल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

टायमर पुन्हा लागला. रात्री टाकी अंधारी राहू लागली. ठिपके हळूहळू गेले आणि परत आले नाहीत.

बऱ्याच दिवसांनी सोपानचा फोन आला. "मॅडम, एक म्हातारा मासा गेला. कल्ले लई वेळ बघितले, खरंच गेलाय. साहेबांना मीच जाऊन सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काय नाय. चहा प्यायलास का, इचारलं."

मासा आजारी पडला की पाणी तपासा, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. ते मी अजूनही आधी करते. पण त्यानंतर टाकीची राखण कोण करतं आणि त्याला धाक कशाचा आहे, हेही विचारून घेते. त्यासाठी कुठलं टेस्ट किट मिळत नाही.