कालची आमटी

शिळं म्हटलं की नाक मुरडणारी माणसं मला बघवत न्हाईत. अगं बायांनो, रात्रीची आमटी सकाळी ऊन केली की कशी मुरलेली लागती! आता ऊन करायचं म्हंजे नुसतं गॅसवर ठेवून मोकळं व्हायचं न्हाय. दूध तापवायचं, भाकरी तव्यावर शेकायची, भात पाण्याचा हबका मारून वाफवायचा, आन् आमटी ऊन करायची, तीबी बारीक गॅसवर ढवळत. माझी पोरं समद्यालाच 'गरम कर' म्हणत्यात. म्हणू द्या. त्यांना काय कळतंय!

पण एक हाय. हे ऊन केलेलं घरच्या माणसाला. पाव्हण्याला ताजंच रांधायचं, ही माझ्या आईची शिस्त. बार्शीला आमच्या दारात कोण बी येऊ दे, आई चूल नव्यानं पेटवायची. मी कुंभारीला नांदायला आले तरी तेच केलं. आन् त्यातच माझं चुकलं.

आमच्या शेजारी नागप्पाअण्णा राहायचे. टॉवेलाच्या कारखान्यात तीस-पस्तीस वर्सं मागावर उभे राहिले. सकाळी सातला जायचे, चारला यायचे. सायकलची घंटी वाजली की त्यांच्या निंगव्वा आतून ओरडायच्या, "तडरी, बिसि माडि कोडतीनि!" म्हंजे थांबा, ऊन करून देते. माझं कानडी तेवढंच, पण ते रोज ऐकून पाठ झालेलं.

मागच्या साली निंगव्वा गेल्या. पोरगी सिद्धेश्वरी पुण्याला, नोकरीवाली. अण्णा एकटेच. सकाळी सैपाकाची बाई भाजी-भाकरी करून झाकून जायची, आन् हे ती दुपारी थंडगार, उभ्यानंच खायचे. मी एकदा खिडकीतनं बघितलं. म्हणलं, "अण्णा, निदान ऊन तरी करून घ्या की!"

"एकट्यासाठी काय गॅस पेटवायचा, राजव्वा?" म्हणाले. माझं नाव राजाबाई, पण ते मला राजव्वाच म्हणायचे.

मला लई वाईट वाटलं. दर ऐतवारी जेवायला यायचं म्हणून ताकीदच दिली. पहिल्या ऐतवारी शेंगाच्या पोळ्या केल्या, दुसऱ्या ऐतवारी भरलं वांगं. पाट मांडला, ताट वाढलं, शेजारी बसून आग्रह केला. अण्णा खाली मान घालून जेवायचे, हात धुवायचे आन् "लई तरास दिला तुमाला" म्हणून जायचे.

तिसऱ्या ऐतवारी मी पीठ मळाय बसले तर दारातच म्हणाले, "कशाला करताय? काल रात्रीची आमटी उरली असंल की. ती ऊन करून द्या."

उरली होती. अर्धं पातेलं. पण मला कसंतरीच झालं. म्हणलं, "अण्णा, तुमी दारात आलेलं माणूस. तुमाला शिळं घालू व्हय? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

ताजं जेवून गेले. पुढच्या ऐतवारी आलेच न्हाईत. हाक मारली तर म्हणाले, पोट गच्च हाय. मला असा राग आला! मरमर करून रांधायचं आन् वर ह्यांचे नखरे सोसायचे. चुलीपुढं बसून बडबडत होते, तर आमचे मालक ज्ञानू कालचीच आमटी ओरपत म्हणाले, "मला कधी इचारलंस का गं, ताजं करू का म्हणून? ऊन केलं की दिलंस पुढ्यात आपटून."

"तुमी काय पाव्हणे हाय व्हय?" मी फटकन बोलले. आन् बोलता बोलता माझंच माझ्या ध्यानात आलं. अण्णांना पोळ्या नको होत्या. पाट नको होता. त्यांना घरातलं माणूस व्हायचं होतं, आन् मी दर ऐतवारी त्यांना पाव्हणा करून परत पाठवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमटी ऊन केली, भाकरी शेकली आन् झाकून त्यांच्या दारात गेले. तर दारात गाडी उभी. सिद्धेश्वरी बॅगा भरत होती. अप्पांचे खायचे हाल होतात म्हणून न्यायला आलेली. रात्रीच त्यांनी तिला व्हय म्हणलेलं.

अण्णांनी झाकण काढलं. "कालची?"

"व्हय. कालचीच."

उंबऱ्यावरच बसले. भाकरी कुस्करली. पोरगी म्हणाली, "अप्पा, शिळं कशाला? वाटेत हॉटेलात ताजं खाऊ." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वाटी बोटानं पुसून खाल्ली आन् मला म्हणाले, "लई उशीर केलास की, राजव्वा." इतक्या वर्सांत मला पहिल्यांदा 'अगं-तुगं' केलं. मी तितंच रडले.

परवा त्यांचा फोन आला. सहा महिने झाले पुण्याला जाऊन. म्हणलं, "कसं काय अण्णा, खायचे हाल तर न्हाईत ना?"

"छे छे! पोरगी, जावई, लई चांगले. माझ्यासाठी रोज ताजं करत्यात. शिळं असलं की ते दोघं आतल्या आत ऊन करून खात्यात, मला दावत बी न्हाईत."

मी नुसतंच इचारलं, "आज जेवलासा?"

"जेवलो की," अण्णा म्हणाले. "पाव्हण्यासारखा."