झाकणाचा स्विच कुणी बांधला

परवा मानकोलीला एका गोदामाच्या उद्घाटनात आमच्या जुन्या सुपरवायझरला शाल घातली. माइक हातात येताच तो म्हणाला, "माझ्या हाताखाली एकच अपघात झाला, तोही एका कामगाराच्या आगाऊपणामुळे." टाळ्या पडल्या. म्हणून हे लिहितो आहे. त्याच्या नातवंडांनी ते वाचावं, एवढीच इच्छा.

ऐंशीच्या दशकात भिवंडीबाहेरच्या एका शेडमध्ये आम्ही वायरलेसचे ट्रान्समीटर तपासत असू. ट्रान्समीटर लोखंडी पेटीत ठेवून झाकण लावायचं. झाकणाखाली छोटा स्विच असे. झाकण उचललं की रिले खटकन पडे आणि आतला हाय व्होल्टेज बंद होई. तो परत यायला काही मिनिटं जात. सुपरवायझरला तीच मिनिटं खुपत.

तो आधी पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे मागांचा मुकादम होता. धागा तुटला की लूम थांबवणारा काटा तिथे सुताने बांधून ठेवत, म्हणजे लूम थांबत नसे. तसंच सूत त्याने आमच्या स्विचला गुंडाळलं, म्हणजे झाकण उघडलं तरी आतला व्होल्टेज चालूच.

माझा जोडीदार पडघ्याचा. तो म्हणाला, "सायेब, लूमवर धागा तुटतो. हितं माणूस तुटंल."

"तुला पगार भाषणाचा मिळतो का रे? चल, माल काढ."

त्याच आठवड्यात जोडीदाराने उघड्या पेटीत कॉइल फिरवायला हात घातला. ट्रान्समीटरच्या लहरींचा चटका विचित्र असतो. कातडीवर फक्त पांढरा ठिपका दिसतो, आत मांस शिजलेलं असतं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आम्ही त्याला रिक्षात घालत होतो, तेवढ्यात सुपरवायझरने सूत कापून खिशात टाकलं. मी वळून पाहिलं तेव्हा त्याचा हात खिशातच होता. केबिनमध्ये तो शेठला म्हणाला, "त्यानेच बांधलं होतं. मी त्याला बजावत होतो." शेठने माझ्याकडे पाहिलं. मला कायम करायची बोलणी चालली होती. मी म्हणालो, "मी जेवायला गेलो होतो." जोडीदाराला काढून टाकलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी सुपरवायझरला "गुड मॉर्निंग" म्हणत संधीची वाट पाहिली. नव्वदच्या दशकात मोठ्या ऑर्डरसाठी बाहेरचे तपासनीस आले. घाईत त्याने पुन्हा स्विच बांधला. मी पाहिलं आणि गप्प राहिलो. तपासनीस टेबलाभोवती जमल्यावर झाकण उघडलं आणि गोड आवाजात म्हणालो, "साहेब, कॉइल जरा तुम्हीच फिरवा ना."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "आधी मेन बंद कर."

"का बरं? झाकण उघडलं की बंदच होतं ना?"

त्याच्या कपाळावरचा घाम मी डोळे भरून पाहिला. एक तपासनीस वाकला, त्याला स्विच दिसला. ऑर्डर गेली. संध्याकाळी शेठने त्याला घरी पाठवलं. तेवढं सुख मला पुन्हा कशातच मिळालं नाही.

मी तसाच पडघ्याला गेलो. जोडीदार हायवेवर चहाची टपरी चालवायचा. त्याने सगळं ऐकलं, डाव्या हाताने स्टो बारीक केला आणि म्हणाला, "बायको अजून मला म्हणते, तूच बांधलं असशील. मागं हाय ती. जा, तिला सांग."

मागे ती कपबशा विसळत होती. मी सांगितलं. तिने मान वर केली.

"मंग तवा तुम्ही कुठं होता, भावजी?"

"तिथंच होतो, वहिनी," मी म्हणालो. "त्याच्या शेजारच्याच स्टुलावर."