राजघाटच्या पुलावर पंप कोणी मारला?

आमच्या सायन्सच्या मिस म्हणायच्या, कारण सापडलं नाही की चमत्कार म्हणू नका, सरळ 'आय डोन्ट नो' म्हणा. ते मला फार पटलं होतं. घरात कोणी दृष्ट, संचार, संकेत असलं काही बोललं की मी हसायची… अर्थात मनातल्या मनात, कारण मी फारशी बोलत नाही. म्हणूनच ही गोष्ट आई आणि शेजारच्या गोदाकाकू सोडल्या तर आजवर कोणाला माहीत नाही. काकूंनाही अर्धीच.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही बनारसचे, घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. तिथे सायकलसुद्धा जेमतेम शिरते, त्यामुळे बाबांची जुनी डिझेल जीप मैदागिनच्या चौकात उभी असायची. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना मुगलसराय स्टेशनवरून आणणं, सारनाथ-प्रयाग फिरवणं हे बाबांचं काम.

जीपला एक खोड होती. बरी चालता चालता दम टाकायची आणि बंद पडायची. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन नुसतं फिरायचं, पेटायचं नाही. बाबा मला मागे पाठवायचे — "धूर येतोय का बघ." धूर नसायचा. "म्हणजे डिझेल पोचतच नाहीये," ते म्हणायचे. "पांढरा धूर आला असता तर आजार वेगळा."

डिझेलच्या पाइपात कुठून तरी हवा शिरत होती. ती काढायला आमच्या जीपला दोन माणसं लागत. एका बाजूला फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, आणि इंजिनच्या दुसऱ्या बाजूला खाली असलेल्या हातपंपाची काळी गोल मूठ तळहाताने दाबत राहायची. आधी स्क्रूपाशी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल; त्याच क्षणी स्क्रू आवळला नाही तर हवा पुन्हा आत. स्क्रूवर मी, पंपावर बाबा. मध्ये इंजिन असल्यामुळे एकमेकांचे हात दिसत नसत. मी म्हणायची "मारा", ते सुरू करत. मी म्हणायची "बस", ते थांबत. तीनदा दाबायचं, जरा थांबायचं, पुन्हा तीनदा — ही त्यांची लय. इतर वेळी आम्ही दोघंही कमी बोलणारे. लहानपणापासून आमचं सगळ्यात जास्त बोलणं बहुधा त्या बॉनेटखालीच झालं असेल.

मिस्त्रीने पाइप बदलले, वॉशर बदलले, टाकी उतरवून धुतली. एकदा तर मध्ये पारदर्शक नळी लावून बुडबुडे कुठून येतात ते पाहत बसला. शेवटी म्हणाला, "बिटिया, गाड़ी हवा पी रही है, मगर मुँह नहीं दिखाती."

त्या दिवाळीनंतर बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उजवा हात आपण ठेवू तिथे पडून राहायचा. पाणीसुद्धा चमच्याने द्यावं लागे, नाहीतर ठसका लागून जीव घाबरा व्हायचा. त्यांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. जीप मी चालवू लागले. लोक वळून बघायचे, मी समोर बघायची.

जानेवारीत मामा भेटायला आला होता. त्याला गाडीवर सोडायला आई आणि मी मुगलसरायला गेलो. बाबांजवळ गोदाकाकू बसल्या, पण दुपारी त्यांना नातवाला आणायला शाळेत जायचं होतं. "त्याच्या आत या गं," त्यांनी बजावलं होतं.

परतताना धुकं, तिकडचा तो कोहरा, इतका की सकाळ उलटून गेली तरी दिवे लावावे लागत होते. राजघाटच्या पुलावर, बरोबर मधोमध, जीपने दम टाकला. मागून ट्रक. पहिला अगदी जवळ येऊन थांबला, बाजूने काढत ड्रायव्हर ओरडला, "मैडम, पुल खरीद लिया है का?" आई उतरली आणि लाल शाल हलवत मागे जाऊन उभी राहिली. कोहऱ्यात मला ती दिसेनाशी झाली, नुसती शाल हलताना दिसत होती.

मी बॉनेट उघडलं. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरत आली होती. सवयीने पाना घेऊन स्क्रू सैल केला… आणि मग लक्षात आलं, पंप कोण मारणार? पलीकडे हात पोचेना. आईला बोलवावं तर मागून येणारा ट्रक थेट जीपवर. घरी काकू निघायच्या वेळेला आलेल्या. मला रडू आलं, आणि तोंडातून हळूच निघालं, "मारा, बाबा."

पलीकडून आवाज आला. खुच्, खुच्, खुच्. जरा थांबून पुन्हा तीनदा.

स्क्रूपाशी फेस आला. मग बुडबुडे. मग माझ्या बोटांवरून स्वच्छ डिझेल वाहू लागलं. डिझेल आपोआप चढलं असेल असं म्हणावं, तर टाकी फिल्टरपेक्षा खाली. पंप मारल्याशिवाय ते वर येतच नाही. पलीकडे जाऊन बघायचं धाडस मला झालं नाही. मी "बस" म्हटलं. आवाज थांबला. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

घरी गोदाकाकू दारातच होत्या. "मंजू, अगं तुझ्या बाबांचा हात हलला! उजवा! गादीवर असा दाबत होते, दाबत होते… मी म्हटलं झटका आला की काय. आणि एकदम थांबला."

आई देवापुढे साखर ठेवायला धावली. मी बाबांचा तळहात उलटून पाहिला. मधोमध लाल, गोल वळ होता. पंपाच्या त्या मुठीएवढा.

डॉक्टर म्हणाले, अशा हाताला कधीकधी आचके येतात. वळाचं मी त्यांना विचारलं नाही. पण नंतर दोन दिवस बाबा डोळे उघडेनात, चमचाभर पेज गिळेनात. त्यांच्यातलं होतं नव्हतं ते कोणीतरी काढून घेतल्यासारखं. मी घाबरले. आईला पुलावरचं सगळं सांगितलं, आणि तीच चूक झाली की काय कळत नाही, कारण आई उलट खूश झाली. बाबांच्या उशाशी बसून मला म्हणायची, "म्हण ना एकदा. मारा म्हण." मी म्हणत नव्हते.

होळीच्या आधी जीप विकायला काढली, तिला सारनाथचं एक गिऱ्हाईक आलं. दाखवायला आम्ही दोघी निघालो. पांडेपूरच्या पुढे ती पुन्हा बंद पडली. रस्ता मोकळा, लख्ख ऊन. मी स्क्रू सैल केला आणि म्हटलं, "आई, पंपावर ये."

आई सीटवरून हललीच नाही. "मी नाही मारणार. तू म्हण."

"आई, प्लीज."

"डॉक्टरांच्या औषधाने नाही हलला तो हात, तुझ्या एका शब्दाने हलला. तोंडात काय मूग भरलेत? म्हण की गं!"

"आणि त्यांना काही झालं तर?"

"आणि हात बरा झाला तर?"

मी बराच वेळ त्या सैल स्क्रूकडे बघत उभी होते. ओठ घट्ट मिटून. मग तो आवळला, बॉनेट लावलं आणि रिक्षा बोलावली.

गोदाकाकू खोलीच्या दाराशी होत्या, पण या वेळी हसत नव्हत्या. "बघ बाई काय ते. मघापासून असेच आहेत. खाली घेतला तरी पुन्हा वर."

बाबांचा उजवा हात अंथरुणापासून वीतभर वर होता. तळहात खाली, बोटं पंपाच्या मुठीवर ठेवावीत तशी वाकलेली. हलत नव्हता. थरथरत होता फक्त, खूप वेळ धरून ठेवलेला हात थरथरतो तसा. डोळे उघडे, माझ्याकडे.

मी त्यांच्या कानाशी वाकले. मागून आई म्हणाली, "म्हण."

मी म्हटलं, "बस, बाबा."

हात गादीवर पडला.

बाबा पुढे बरीच वर्षं होते. तो हात पुन्हा कधी हलला नाही. जीप भंगारात गेली तेव्हा मिस्त्रीने हौसेने एकेक जोड उघडून पाहिला; हवा कुठून शिरत होती ते त्यालाही सापडलं नाही. आई अजून मधूनच म्हणते, तू चुकीचा शब्द बोललीस. पुलावर काय झालं ते मला माहीत नाही. 'आय डोन्ट नो', आणि ते तसं सोडूनही देता येतं. पण पांडेपूरच्या त्या उन्हात मी गप्प उभी होते, आणि इकडे ते माझ्या आवाजाची वाट बघत हात धरून होते… ते सोडता येत नाही.