यादीत नसलेली मांजर

आज झेंडूची माळ ओवताना बोटांना तो उग्र वास लागला आणि गोवा राज्य झालं त्या वर्षीचा दसरा आठवला. डिचोलीत मी आणि माझा चुलतभाऊ, दादा, फक्त विज्ञानकथांचं दुकान चालवायचो. दसऱ्याला पुस्तकांची पूजा व्हायची आणि दुकानातली सोनी मांजर पाटाशेजारी ऐटीत बसायची.

त्या वर्षी दादा म्हणाला, "बाय, सगळ्या पुस्तकांची यादी कर गो. नवी कपाटां करूया." तीन दिवस बसून मी रकाने आखले, एकही पुस्तक सुटू दिलं नाही.

दसऱ्याला माळ घेऊन गेले, तर एक अनोळखी माणूस माझ्याच अक्षरातली यादी बघून पुस्तकं खोक्यात भरत होता. दादानं सगळं विकलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"मग तू यादी केली नसतीस गो," तो खाली बघत म्हणाला.

खोक्यात शिरलेल्या सोनीला उचलून त्या माणसानं विचारलं, "आणि ही?"

"ती यादीत नाही," मी म्हटलं आणि तिला घरी घेऊन आले.

याद्या मी अजूनही करते. पण कोणासाठी, ते आधी विचारते.