गुरूवरचं अर्धं वर्ष

शनिवारचं तेल बंद करायला कोंडाकाकीला मी सांगितलं होतं. नोकरी गेली ती शिकलगार मास्तरांची. आज माझं वय तेव्हाच्या मास्तरांएवढं झालं आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

आष्ट्याच्या शाळेत ते जुने शिक्षक, मी नवा. पोरगा उशिरा आला की छडी न उचलता ते म्हणायचे, "गड्या, गुरूवर असतास तर शाळा कवाच सुटली असती. तिथला दिवस धा तासांचा बी न्हाई." नापास झालेल्याला सांगायचे, "मंगळावर जा रं. तिथलं वरीस आपल्या दुपटीला टेकलंय. अभ्यासाला लय सवड!" गुऱ्हाळं लागली की वर्ग उसाच्या चरकाकडं न्यायचे. एका पोराला चरकाला अगदी लागून फिरवायचे, दुसऱ्याला पार बांधावरून. "आतला बुध, भाइरचा शनी. शनीच्या एका फेऱ्यात आपली तिसेक वर्सं जात्यात."

शेजारच्या कोंडाकाकीचा शंकर पलटणीत होता. त्याला साडेसाती, म्हणून ती दर शनिवारी मारुतीला तेल घालायची. मी एकदा ऐटीत म्हणालो, "काकी, शनी आपल्या वाटेनं तीस वर्षं चालतोय. त्याला तुझ्या शंकरचं काय पडलंय? आमचे मास्तरच शिकवतात." तिनं तेल थांबवलं.

मास्तरांना हे कौतुकानं सांगितलं, तर ते चिडले. "शनीचं गणित येगळं, आईचं येगळं. ती तेल शनीला घालत न्हाई, पोराला घालती. जा, म्हणावं घाल."

मी गेलो नाही. लाज वाटली.

दोन महिन्यांनी शंकर लढाईत कामी आल्याची तार आली. काकी शाळेच्या दारात उभी राहून मास्तरांना शाप देत राहिली. शाळेच्या चालकांनी विचारलं, "आमच्या देवाचं तेल बंद करणारा तू कोण?" मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी फळा पुसत होतो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

सहा वर्षांनी मिरजेला गेलो. त्यांच्या मेहुण्याच्या कारखान्यात ते तंबोऱ्याचे भोपळे घासत बसले होते. "मास्तर, चुकलो," म्हणालो.

"सहा वर्सं व्हय?" त्यांचा हात थांबला नाही. "गुरूवरचं अर्धंच वरीस. लवकर आलास की."

मला रडू फुटलं. त्यांनी भोपळा बाजूला ठेवला.

"माझ्याम्होरं काय रडतोस? त्या बाईला सांग."

आष्ट्याला उतरलो तो थेट काकीच्या दारात गेलो. ती वाती वळत होती.

"काकी, मास्तर तेल घालच म्हणाले होते. बंद करायला मी माझ्या मनानं सांगितलं. मला माफ कर."

तिचा हात थांबला.

"मग त्या मानसाला इतकी वर्सं शाप दिलं," ती म्हणाली, "त्ये आता माघारी कसं घिऊ रं?"