ताईने मला मॅडम म्हटलं

"मॅडम, मिठागराचे हात धुऊन आलात ना?"

विभागप्रमुख साहेबांनी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर विचारलं. माझ्या हातात काचेचं भांडं होतं. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं लाल पाणी त्यात निळं पडलं होतं. मीठ लागलं की ते निळं पडतं. भांडं कुणीतरी नीट विसळलं नव्हतं, एवढंच. पण मी पेणच्या खाडीकाठची, मिठागरात राबणाऱ्यांची मुलगी. रोह्याच्या प्रयोगशाळेत हे सगळ्यांना माहीत. पोरं हसली.

मीही हसले.

नातवंडांनो, आजी अजून काय काम करते, असं तुम्ही फोनवर विचारता. हे कण कॅन्सरच्या गाठीपर्यंत औषध नेतील का, ते आम्ही शोधतो. त्यांचीच एक कागदी पट्टीही केली आहे. लाळेत तोंडाच्या कॅन्सरची खूण असली तर तिच्यावर लाल रेघ उमटते. चाचणी अजून चालू आहे.

त्याच आठवड्यात आम्ही लाळ गोळा करायला माझ्याच गावी गेलो. दातांना तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायका शाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांत माझी सख्खी मोठी बहीण. मी तिची ओळख करून दिली नाही. ते हसणं कानातून गेलं नव्हतं.

तिने तोंड उघडलं. गालाच्या आत पांढरा चट्टा. पट्टीवर रेघ आली.

"काही सांगत बसू नका," साहेब मला इंग्रजीत म्हणाले. "आपल्यासाठी हे नमुने आहेत."

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या वेण्या घालणारी ताई.

"सायब काय बोलला, मॅडम?"

मॅडम. साहेबांसमोर तिने माझी लाज राखली.

मी म्हणाले, "सगळं ठीक आहे."

परतताना कोलाडला गाडी चहाला थांबली. साहेबांनी भजी तोंडात टाकली. "मीठ कमी आहे. मॅडम, जरा हात लावा." पुन्हा हशा.

या वेळी मी हसले नाही. "मघाशी ज्यांना नमुने म्हणालात, त्यांत माझी सख्खी बहीण होती," एवढं बोलून मी पेणच्या एसटीत बसले.

ताई अंगणात सुकट निवडत होती.

"ताई, मी खोटं बोलले. उद्याच डॉक्टरकडे जायचं."

"मना ठाव हाय गो. खोटं बोलताना तू मान खाली घालतेस." तिने सुकटीतला खडा फेकला. "पन मी तुझी कोन नाय, असं का केलंस?"

मी तिच्याशेजारी बसून सुकट निवडायला घेतली.

कॅन्सरच निघाला. अर्धा जबडा काढला. आता ती पेज पिते. तो प्रश्न पुन्हा विचारत नाही.

साहेबांना मी सांगितलं, "जिच्या पट्टीवर रेघ येईल, तिला मी डॉक्टरकडे नेणार."

"नियमात बसत नाही, मॅडम."

"मग नियम बदला. नाहीतर मला काढा."

रेघ आलेल्या आणखी बायका गावात आहेत. उद्या त्यांच्या दारी जाते आहे, ताईला घेऊन. आधी सांगेन, ही माझी सख्खी बहीण. मग पट्टीवर जे आलं ते.